इळीतला 'इ' चुकीचा नाही

मे संपत आला की आमच्याकडं ग्रुपवर तोच विषय परत वर येतो, पोरगं कुठल्या शाळेत घालायचं. एकजण म्हणतो मराठी शाळा टिकली नाही तर सीमाभागात मराठी टिकणार नाही, दुसरा म्हणतो कर्नाटकात राहायचं तर कन्नड पहिलीपासनंच पक्कं पाहिजे, तिसरा म्हणतो तुम्ही बसा भांडत, मी माझ्या पोरीला इंग्लिश मीडियमला घातलो. मग १९५६ ची राज्यांची फेररचना निघते, सीमावादावरचा महाजन अहवाल निघतो, सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा २००४ पासनं पडून असलेला दावा निघतो, दुकानांच्या पाट्या निघतात, आणि दीडशे मेसेज झाले तरी एक प्रश्न कुणीच विचारलेला नसतो, की ज्या सहा वर्षांच्या पोरासाठी हे सगळं चाललंय त्याला वाचायला यायला नक्की काय लागतं?

मी आधी खानापूर तालुक्यात आणि नंतर बेळगावजवळच्या एका खेड्यात मिळून २२ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. माध्यम कुठलंही असू दे, पोराच्या कानाला त्याच्या घरच्या बोलीतले आवाज सुटे सुटे ऐकू यायला लागले नाहीत तर त्याचं वाचन अडखळतंच. आणि हे कानाचं काम अंगणवाडीपासनं पहिली-दुसरीपर्यंत, अक्षरांच्या आधी आणि मग अक्षरांच्या जोडीनं, रोज दहा-पंधरा मिनिटं व्हायला पाहिजे, मराठी पोराला मराठीतनं आणि कन्नड पोराला कन्नडमधनं. माध्यमाचं भांडण खोटं आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः त्यात मराठी शाळेच्या बाजूची आहे. पण आपण ते झेंड्यासारखं भांडतोय आणि झेंड्याखाली बसलेल्या पोराला काय ऐकू येतंय ते कुणी बघत नाही.

कानाचं काम म्हणजे काय ते जरा सांगते. पाच वर्षांच्या पोराला विचारा, 'म्हैस' आणि 'फुलपाखरू' यातला मोठा शब्द कुठला? बहुतेक पोरं म्हणतात म्हैस. ती चुकत नाहीत, त्यांच्यासाठी शब्द म्हणजे ती वस्तूच, आणि म्हैस मोठीच असते. शब्दाचा अर्थ घटकाभर बाजूला ठेवून त्याच्या नुसत्या आवाजाकडं बघता येणं, तो लांब आहे की आखूड, कशानं सुरू होतो, कशाशी जुळतो, त्यातला एक आवाज काढला तर काय उरतं, हे सगळं म्हणजे ध्वनीची जाण. ही बोलता येण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेल्या पोरालाही ती नसू शकते.

हे मला कळायला बरीच वर्षं गेली आणि त्यात एका पोराचं मी नुकसान केलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. तक्त्यावर विळीचं चित्र होतं, 'वि' शिकवायला. मी विचारलं हे काय, पोरगा म्हणाला "इळी". पहिला आवाज कुठला? तो म्हणाला "इ". मी म्हटलं चूक, नीट बघ. तो परत बघायचा, परत "इ" म्हणायचा, मी परत चूक म्हणायची. आता विचार करा, त्या पोराचं काय चुकलं होतं? त्याच्या घरात, गल्लीत, शेतात सगळे इळीच म्हणतात, विटेला ईट म्हणतात, वेळेला येळ म्हणतात. त्यानं कानानं अगदी बरोबर ओळखलं होतं की या शब्दाच्या तोंडाला 'इ' आहे. जे काम पोरांना करता यावं म्हणून आपण धडपडतो ते त्यानं करून दाखवलं होतं आणि त्याच कामाला मी चूक म्हणत होते. दोन महिन्यांनी तो उत्तरच द्यायचा बंद झाला. मी त्याच्या बापाला सांगितलं की पोराचं लक्ष नाही. त्याच्या कानावरचा त्याचा विश्वास मी काढून घेतला होता हे मला तेव्हा कळलंच नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेते, कारण तो खरोखर जोरदार आहे. लोक म्हणतात हे ध्वनीबिनीचं खूळ इंग्रजीचं आहे, तिथं स्पेलिंगचा भरवसा नाही म्हणून त्यांना फोनिक्स, म्हणजे कुठल्या अक्षराचा कुठला आवाज ते सोडवून शिकवायची रीत, लागतं, आपली लिपी बोललं तसं लिहायची, बाराखडी पाठ केली की झालं. यातलं अर्धं मी मान्य करते. १९७४ साली इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांना शब्द ऐकवून त्यात किती तुकडे आहेत तेवढे ठोके द्यायला लावले होते. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दातली अवयवं, म्हणजे साधारण आपण ज्याला अक्षर म्हणतो ती, मोजता आली, पण सुटे आवाज एकालाही मोजता आले नाहीत. म्हणजे अक्षराएवढा तुकडा कानाला आधी सापडतो, आणि आपली लिपी नेमकी त्या तुकड्यावर उभी आहे, हे आपलं भाग्यच. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली आला, त्यातही हेच दिसलं की अक्षराची जाण लवकर येते आणि सुट्या आवाजाची जाण हळूहळू, काही वर्षांनी येते. तेव्हा इंग्रजीचा कार्यक्रम उचलून खानापुरात आणायचा हे मलाही पटत नाही.

पण मग मात्रा कशी शिकवणार? 'कि' मध्ये क आणि इ असे दोन आवाज आहेत, ते पोराला ऐकू आले तरच ती वेलांटी कशाची खूण आहे ते त्याला कळणार. ऱ्हस्व वेलांटी तर लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, डोळ्याला दिसतं एक आणि कानाला येतं दुसरं. मी कितीतरी पोरं बघितलीत ज्यांना क का कि की चालीवर खडाखडा येतं पण मधलं 'कु' एकटं दाखवलं की बोटं मोडत पहिल्यापासनं गाणं म्हणत येतात, क का कि की कु, हां कु. हे वाचन झालं का? त्याला बारा गुणिले चौतीस अशी चारशेच्या वर चित्रं पाठ करावी लागतात आणि मग जोडाक्षरं राहतातच. ज्या पोरीला कि, मि, ति, शि यात एकच कायतरी सारखं वाजतंय हे ऐकू आलं तिला एक वेलांटी कळली की सगळीकडची कळली. बाराखडी वाईट नाही, बाराखडी हा फार हुशारीनं केलेला तक्ता आहे, आडवं गेलं की स्वर बदलतो, उभं गेलं की व्यंजन बदलतं. पण ती हुशारी पोराच्या कानापर्यंत पोचवायची की नुसती चाल?

आणि बोललं तसं लिहायचं हे मराठीत तितकंसं खरंपण नाही. बोलताना शब्दाच्या एकेका तुकड्याला टाळी वाजवायची म्हटलं तर 'घर' ला टाळी एकदाच वाजते, घर्. लिहिताना अक्षरं दोन. 'कमळ' ला टाळ्या दोन, क-मळ्, अक्षरं तीन. शेजारच्या कन्नड वर्गात ही अडचण नाही, तिथं 'मर' म्हणजे झाड, आणि त्यातल्या र मधला अ पूर्ण वाजतो, टाळ्या दोन आणि अक्षरंही दोन. म्हणजे कन्नडला जी रीत चालते ती तशीच उचलून मराठीला लावली तर मराठी पोरगं घोटाळ्यात पडणार, त्याची एक टाळी बाईंना चूक वाटणार. परत "सारं जग" आणि "तू जग" म्हणून बघा, अक्षरं तीच, ज वेगळा. चमच्यातला च आणि चहातला च एकच आहे का? पोरांना हे ऐकू येतं, मोठ्यांना शाळा शिकून शिकून ऐकू यायचं बंद झालेलं असतं. २२ वर्षं तक्ता दाखवणारी मीच सांगते, माझा कान मला पोरांनी परत दिला.

दुसरा मुद्दा येतो तो आमच्या वडीलधाऱ्यांचा. आम्ही पाटी-पेन्सिलीवर शिकलो, गुरुजी छडी घेऊन पाढे म्हणून घ्यायचे, कुणी ध्वनी शिकवला नाही, तरी पोथ्या वाचल्या, कचेऱ्या चालवल्या. खरं आहे, आणि त्या पिढीचं अक्षर बघितलं की मान झुकते. पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक म्हणजे जे शिकले ते आज बोलायला आहेत, जे दुसरीत 'डोस्कं चालत नाही' म्हणून शेरडांमागं गेले ते कुणाच्या हिशेबात नाहीत. दुसरं म्हणजे त्यांचा कान शाळेनं नाही, घरानं तयार केला होता. पहाटे जात्यावर आई ओवी म्हणायची, तिला सही येत नसायची पण यमक चुकायचं नाही, ओळीच्या शेवटाला काय जुळतं हे तिला अचूक माहीत असायचं. भजनात टाळ धरून बसलेलं पोरगं शब्दाचे तुकडे तालावर मोजायला आपोआप शिकायचं. भेंड्या म्हणजे तर सरळ सरळ शब्दाचं शेवटचं अक्षर कानानं सोडवून घ्यायचा खेळ. आणि ज्यांना मोडी यायची त्यांचं बघा, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, वाचणारा आपल्या कानाच्या जोरावर शब्द पुरा करायचा. त्याच्याही फार मागं जायचं तर वेदपाठ्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असं तेच वाक्य सोडवून, उलटसुलट जोडून कानात ठेवलं, कागदाशिवाय. (ती विद्या किती जणांना दिली आणि कितीजणांना दारात उभं केलं नाही हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, पण रीत कानाची होती एवढं नक्की.) आज जातं नाही, भजनाला पोरं बसत नाहीत, घरात मोबाईलवर हिंदी रील नाहीतर इंग्रजी राइम चालू असतं. पाटी तीच द्या, छडी तीच द्या, पण पाटीच्या आधीचं जे होतं ते कुठनं आणणार?

फक्त यमकाची जाण येऊन वाचनाला फरक पडतो का, असं कुणी विचारेल. १९८३ साली ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी दाखवलं की चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना जुळणारे आणि न जुळणारे शब्द ओळखता येतात ती मुलं पुढं वाचनात पुढं राहतात. डेन्मार्कच्या बोर्नहोल्म बेटावर लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी अक्षरं न दाखवता साधारण आठ महिने बालवर्गात नुसते आवाजाचे खेळ घेतले, १९८८ ला ते छापून आलं, ती मुलं नंतर वाचनात आणि लिहिण्यात पुढं निघाली. पण इथंच मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचंय, जे म्हणतात गाणी-गोष्टी म्हणा, अक्षरं आपोआप येतील. येत नाहीत. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं सगळे अभ्यास एकत्र बघितले तेव्हा हेच निघालं की आवाजाचं काम अक्षरं हातात देऊन केलं तर जास्त फळतं. बडबडगीत झालं की त्यातलाच एक शब्द फळ्यावर यायला पाहिजे, पोराच्या बोटाखाली यायला पाहिजे.

आता कन्नडचं. आमच्यातले काही जण हा विषय निघाला की तापतात, मी तापणार नाही. इथं राहणाऱ्या पोराला कन्नड आलंच पाहिजे, बँकेत, बसमध्ये, तालुक्याच्या ऑफिसात, नोकरीत ते लागतं, आणि शेजाऱ्याची भाषा येणं ही चांगलीच गोष्ट आहे. २०१५ च्या कायद्यानं ती शाळेत सक्तीची आहे. म्हणजे मराठी शाळेतल्या पहिलीच्या पोरापुढं देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या येतात. प्रश्न आहे त्यातलं वाचायचं कसब पहिल्यांदा कुठल्या भाषेत रुजवायचं? जी ऐकू येते तिच्यात, दुसरं उत्तरच नाही. कारण आवाज सोडवायची जाण एकदा आली की ती एका भाषेत कोंडून राहत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांची स्पॅनिशमधली ध्वनीची जाण पक्की होती त्यांना इंग्रजी शब्द वाचणं सोपं गेलं. आमचंच उदाहरण घ्या, कन्नडमध्ये 'एरडु' मधला ए आखूड आणि 'एळु' मधला ए लांब, मराठी लिपीत हा फरक दाखवायची सोयच नाही. ज्या पोराचा कान मराठीत तयार झालाय ते हा फरक एक-दोन वेळा ऐकून धरतं, ज्याचा नाही ते दोन्ही अक्षरं बघून गोंधळतं. मराठीतनं सुरुवात करा म्हणणं हे कन्नडच्या विरोधात नाही, उलट कन्नड पक्कं व्हायचा रस्ता तोच आहे.

आणि आपण मराठी लोकांनी एक आठवण मनात ठेवायला पाहिजे. १९ व्या शतकात हाच मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि शाळांत मराठीचा जोर होता, कन्नड घरातली पोरंसुद्धा मराठीतनं शिकायची. शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी तेव्हा कन्नड शाळांसाठी खस्ता खाल्ल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं ना? घराला कन्नडमध्ये 'मने' म्हणणाऱ्या पोराला 'घर' लिहायला लावायचं आणि वर त्याचं डोकं चालत नाही म्हणायचं, हा अन्याय होता. मग तोच नियम आज बेळगावजवळच्या उचगाव-येळ्ळूरच्या मराठी पोराला लावताना कुणाचीच जीभ अडखळायला नको, इकडच्याची नको आणि तिकडच्याचीही नको.

इंग्लिश मीडियमला पाठवणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कर्नाटकच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिकला मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड पालकांची. शेतात राबून फी भरणारी आई काहीतरी विचार करूनच भरते. मी तिला एवढंच सांगेन की कॅट, कट आणि कॉट यातला फरक पोराला ऐकू यायचा असेल तर रात्री जेवण झाल्यावर त्याच्याशी मराठीत भेंड्या खेळा. शहरात आता फोनिक्सचे क्लास निघालेत, त्यात आवाज सोडवायला-जोडायलाच शिकवतात. तेच काम घरच्या भाषेत आधी झालं तर पोराला अर्धं ओझं कमी, कारण तिथं त्याला शब्दाचा अर्थ आधीच माहीत असतो, फक्त आवाजाकडं लक्ष द्यायचं असतं.

आणि हा आजार एका भाषेचा नाहीच. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला, आणि यातली बहुतांश मुलं आपापल्या राज्याच्या भाषेतच वाचत होती. नुसतं माध्यम आपलं असून भागत असतं तर हा आकडा असा आला असता का?

राहिला शिक्षकांचा मुद्दा, वेळ कुठाय. जांबोटीच्या जंगलाकडल्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग घेऊन बसतो, त्याला परत नवीन काम सांगायला माझी जीभ धजत नाही. पण या कामाला वही लागत नाही, साहित्य लागत नाही, मोठा वर्गसुद्धा लागत नाही. त्या अमेरिकन पॅनेलला सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो एकूण ५ ते १८ तासांच्या कार्यक्रमात, वर्षभर मिळून हं, रोज नाही. हजेरी घेताना नावाला टाळ्या वाजवायच्या. रांगेत उभं करताना म्हणायचं, ज्यांच्या नावात शेवटी 'आ' वाजतो त्यांनी पुढं या. बहुवर्ग शाळेत तर चौथीच्या पोरी हे पहिलीवाल्यांशी माझ्यापेक्षा चांगलं खेळतात. मधल्या सुट्टीत 'च' ची भाषा ऐकलीय का कधी? कमलचं चमलक करतात. मी एकदा कान देऊन ऐकलं तर मीनाला त्या "चीनाम" म्हणत होत्या. म्हणजे म बाहेर काढला, ई जागेवर ठेवली आणि त्या ई ला च लावला. मी, मा, मु मधला म आणि स्वर सुटे करणं, जे शिकवायला मला आठवडे लागायचे, ते त्या पोरी लंगडी घालता घालता करत होत्या, आणि त्यातल्या एकीला वर्गात अजून मात्रा येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी तिलाच फळ्याजवळ बोलावलं आणि 'मी' तला म पुसून तिथं च लिहिला, वेलांटीला हात न लावता. तिनं वाचलं, चटकन.

इळीवाल्या पोरानंतर बऱ्याच वर्षांनी तेच चित्र परत वर्गात आलं. एक नवीन पोरगं होतं, पहिलीतलं, आठ दिवस झाले असतील शाळेत येऊन. मी विचारलं काय हे, तो म्हणाला इळी. पहिला आवाज? इ. मी म्हटलं बरोबर, आणि फळ्यावर 'इळी' लिहिलं. मग त्याच्या खाली 'विळी' लिहिलं आणि सांगितलं की पुस्तकात हिला असं म्हणतात, ऐक, विळी, आता सांग काय फरक वाजतो. तो दोन-तीनदा पुटपुटला, इळी, विळी, इळी, मग खालचा ओठ दातावर ठेवून बघितला आणि म्हणाला, "बाई, तेनी पुढं व लावत्यात." आणि मी काही बोलायच्या आत मागच्या भिंतीकडं बघून, "म्हंजे ईटला पण लावत असतील."